गारगोटी कुणी फोडली?



आपल्या नांदेड-लातूरकडं विहीर खोदायला घेतली की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि त्याखाली काळा पाषाण. हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. मांजऱ्या फोडला की त्यात पांढरे, गुलाबट, हिरवट दाणे दिसतात. कधी एखादा धोंडा असा फुटतो की आतली पोकळीच चमकायला लागते. चारी बाजूंनी काचेसारखे टोकदार खडे. आपण त्याला गार म्हणतो, गारगोटी म्हणतो, आणि बहुतेक वेळा ढिगाऱ्यावर टाकून देतो. एखादी हौशी बाई दोन-चार उचलून तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर मांडते, तेवढंच.

पण महाराष्ट्राच्या काळ्या दगडातले हे स्फटिक जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात ठेवलेले आहेत. ते जमवण्याचा छंद असणारी माणसं आहेत. सुट्टी काढून, पाठीवर पिशवी टाकून, हातोडा-छिन्नी घेऊन डोंगर आणि दगडखाणी हिंडतात. मिळालेला दगड धुतात, कागदात गुंडाळतात, चिठ्ठी लावतात. आज या दगड वेचण्याचा इतिहास सांगणार आहे. तो वाचताना एक प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दगड कुणी विकत घेतला, कुणी त्याला नाव दिलं, कोणत्या संग्रहालयात गेला, हे सगळं लिहिलेलं सापडतं. तो फोडला कुणी, हे मात्र क्वचितच सापडतं.

आधी दगडाचं सांगते. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एकावर एक थर बसत गेले. तव्यावर धिरडं टाकल्यावर जशी जाळी पडते, तशी या लाव्ह्यातून वायू निघताना त्यात भोकं पडली. ज्या थरात भोकं जास्त, तोच आपला मांजऱ्या. पुढं लाखो वर्षं पाणी त्या भोकांतून झिरपत राहिलं. पाण्यात विरघळलेले क्षार आत साचत गेले. बोअरचं पाणी भरलेल्या माठाला बाहेरून पांढरा थर चढतो ना, तसंच. फक्त इथं घाई नव्हती, म्हणून थराऐवजी सुबक, धारदार स्फटिक तयार झाले.

हे दगड वेचायचं काम गोऱ्या साहेबांनी सुरू केलं असं समजू नका. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषा बोलणाऱ्या एका व्यापाऱ्यानं आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात त्या पुस्तकाला. त्यात लिहिलंय की पैठणहून पट्ट्यापट्ट्यांचा अकीक गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरावर यायचा. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर असल्याचंही तो सांगतो. तिथून कापड जायचं. हे तगर म्हणजे आपलं तेर, तेरणा नदीकाठचं. १९०१ मध्ये फ्लीट नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ही ओळख पटवून दिली. तेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे, पण १९८२ मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत आपण एकाच जिल्ह्यातले होतो, म्हणून मी त्याला आपलंच म्हणते.

तेरच्या पांढरीवर पाऊस पडून गेला की माती वाहून जाते आणि जुने मणी उघडे पडतात. अकीकाचे, स्फटिकाचे, काचेचे, शंखाचे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा सापडलेल्या वस्तू जमवल्या, सांभाळल्या, आणि त्या संग्रहातून तिथलं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तिथं गेलात तर हस्तिदंती बाहुली बघायला गर्दी असते. असू द्या. तुम्ही मण्यांच्या कपाटापाशी थांबा. लाल अकीकाचा एक मणी बघा. कुणीतरी नदीच्या वाळूतून किंवा खडकातून तो खडा उचलला, भट्टीत तापवून त्याचा रंग लालबुंद केला, घासला, आणि मधोमध आरपार भोक पाडलं. अकीक लोखंडाला दाद देत नाही. एका भोकापायी किती वेळ गेला असेल! ते भोक पाडणारा हात बाईचा होता की पुरुषाचा, हे कुठल्या पुस्तकात नाही. गुजरातेत खंबातला हा धंदा आजही चालतो. तिथं अकीक घासणाऱ्या घरांत बायका-पुरुष दोघंही बसतात, आणि गारेची धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो, हे डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. गळ्यातली माळ सुंदर दिसते, पण तिची धूळ कुणाच्या तरी छातीत बसलेली असते.

आता इंग्रजांच्या काळाकडं येऊ. १७५६ मध्ये स्वीडन देशात क्रोनस्टेट नावाच्या माणसानं एक दगड तापवला, तर त्यातून पाणी सुटून तो उकळल्यासारखा फसफसला. त्यानं त्या जातीच्या दगडांना नाव दिलं झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड. आपल्या मांजऱ्याच्या भोकांत हेच झिओलाइट भरलेले आहेत. पण ते जगाला ढिगानं दिसले ते रेल्वेमुळं.

१८५३ मध्ये मुंबई ते ठाणे गाडी सुरू झाली. मग ती घाटावर चढवायची होती. बोरघाटाचं काम १८५६ ला सुरू झालं आणि १८६३ ला संपलं. पंचवीस बोगदे. सगळा काळा पाषाण, सुरुंग लावून आणि घण घालून फोडलेला. अशा फोडलेल्या दगडांतून निघालेले स्फटिक लंडनच्या आणि कलकत्त्याच्या संग्रहालयांत पोचले. 'बोरघाट' हे नाव जुन्या संग्रहांच्या चिठ्ठ्यांवर अजून वाचायला मिळतं.

या घाटाच्या गोष्टीत एक बाई आहे. सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या ठेकेदारानं काम घेतलं, १८५९ मध्ये तो मुंबईला आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं वारला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं ठेका सोडला नाही. तो आपल्या नावावर चालवला, माणसं नेमली आणि घाट पुरा केला. तिनं कामाचे फोटोही काढून ठेवले. दीडशे वर्षांपूर्वी नवरा गेलेली बाई परक्या मुलखात एवढा मोठा ठेका पेलते, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्या गटात एक लाखाचं कर्ज उचलताना आपण चार बैठका घेतो!

पण तिच्या हाताखाली १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर होते. त्यांत टोपल्या वाहणाऱ्या बाया होत्या. पटकी आणि तापानं माणसं किती मेली, त्याचा धड हिशोब नाही. ॲलिसबाईचं नाव राहिलं. टोपलीवालीचं नाही राहिलं.

हा प्रश्न माझ्यापाशी पुस्तकातून आला नाही. मागं मुखेड तालुक्यातल्या एका गावात महिला संघाची बैठक होती. हिशोब आटोपल्यावर मी सहज एक फुटकी गारगोटी सगळ्यांच्या हाती फिरवली. सत्तरी ओलांडलेल्या एका मावशींनी ती हातात घेतली, अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाल्या, "असली मी ओटीत लपवून आणायची. बहात्तरला." सगळ्या गप्प झाल्या.

बहात्तर म्हणजे १९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यात कुणालाही विचारा, जन्मतारीख सांगणार नाही पण बहात्तर सांगेल. रस्त्याची कामं, तलावाची कामं, खडी फोडायची कामं निघाली. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती, आणि त्यांत बायका फार मोठ्या संख्येनं होत्या. सुकडी खायची आणि खडी फोडायची. मावशी सांगत होत्या, की मजुरी ढीग मोजून मिळायची. दगड फुटून आत चमक दिसली तरी बघत बसायची सोय नव्हती, ब्रास भरला नाही तर पैसे कापले जायचे. तरी त्यांनी चार-सहा खडे ओटीत घालून आणले. लेकी त्यांच्याशी खेळल्या आणि पुढं घर बांधताना ते पायात गेले.

मला त्या क्षणी वाटलं, या देशात दख्खनचा दगड सगळ्यात जास्त फोडला कुणी? छंदवाल्यांनी नाही. पेशानं दगडाचं काम करणाऱ्या वडार समाजाच्या बायांनी, आणि दुष्काळात आपल्या आज्या-मावश्यांनी. लाखो पोकळ्या त्यांच्या घणाखाली उघडल्या असतील. त्यातलं जे काही होतं, ते रस्त्याच्या डांबराखाली आहे.

नंतरच्या काळात धंदा वाढला. जळगाव, नाशिक, पुणे, नगर या बाजूच्या दगडखाणींवर आणि विहिरींवर व्यापारी येऊ लागले. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत निळाशार कॅव्हन्साइट निघतो; तो १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला आणि जगभर गाजला. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खोदताना हिरव्या ॲपोफिलाइटचे असे गोळे निघाले, की दगडांच्या मासिकांत त्यांचे फोटो छापून आले. सिन्नरला के. सी. पांडे यांनी या स्फटिकांचं संग्रहालयच काढलं, आणि त्याला नाव दिलं 'गारगोटी'. आपला शब्द. मला ते नाव फार आवडलं.

खाणीवर मात्र बहुधा जुनीच रीत. मजूर दगड दाखवतो, मुकादम भाव ठरवतो, पुढं तो शहरात जातो आणि तिथून परदेशात. हाता-हाताला किंमत वाढते. पहिल्या हाताला सगळ्यात कमी. दुधाचं, सोयाबीनचं काय वेगळं होतं?

आता आपल्या भागात काय मिळतं ते सांगते. लातूर जिल्हा आणि नांदेडचा पश्चिम भाग काळ्या दगडाचा. किती जाड, ते आपल्याला एका वाईट कारणानं कळलं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीला खोल बोअर घेतला, तर लाव्ह्याचे थर ३३८ मीटरपर्यंत होते आणि त्याखाली फार जुना खडक. तोच जुन्या जातीचा खडक देगलूर-बिलोलीकडं वरच येतो. म्हणून तिकडं मोठमोठ्या गोल धोंड्यांच्या टेकड्या दिसतात आणि काळा दगड दिसत नाही. गोदावरी आणि मांजरेच्या वाळूत, गोट्यांत अकीक सापडतो.

ओळखायचं कसं? गारगोटीनं काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइटनं उठत नाही, आणि त्यावर लिंबू पिळलं तर बारीक बुडबुडे येतात. स्टिलबाइट ओळखणं आपल्याला सोपं: मधे आवळलेली आणि दोन्ही टोकांना फुललेली ज्वारीची पेंढी, तसाच आकार, रंग फिकट गुलाबी. स्कोलेसाइट म्हणजे पांढऱ्या सुयांचा पंखा, कणसाच्या कुसळासारखा. आणि ओकेनाइट म्हणून एक असतो, तो मुंबई-पुण्याकडं जास्त. थेट उमललेल्या बोंडातल्या कापसासारखा. त्याला हात लावू नका, तंतू मोडतात.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. जमीन आपली असली तरी जमिनीतल्या खनिजांवर हक्क सरकारचा असतो, १९६६ च्या जमीन महसूल संहितेत तसं लिहिलंय. म्हणून चार खडे घरी ठेवणं वेगळं आणि खोदून विकायचा धंदा करणं वेगळं. धंदा करायचा तर आधी तहसीलला विचारा. तेरसारख्या ठिकाणी सापडलेला मणी हा दगड नाही, पुरावशेष आहे, तो खिशात घालायचा नसतो. दुसऱ्याच्या खाणीत मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, सुरुंगाच्या दिवशी तर अजिबात नको. अर्धवट खोदलेल्या विहिरीत उतरू नका. फोडताना डोळ्यावर चष्मा आणि नाकावर ओला रुमाल. लेकरं असतील तर त्यांना दूर बसवा.

आणि हो, कुणी या खड्यांनी आजार बरे होतात, घरात पैसा येतो असं सांगून विकायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

मावशींच्या त्या गावात संघानं आता समाजमंदिरातली एक फळी मोकळी केली आहे. ज्यांच्या विहिरीला, शेततळ्याला, घरकुलाच्या पायाला असे दगड निघालेत, त्यांनी एकेक आणून ठेवायचा. शाळेच्या पोरी चिठ्ठ्या लिहितात. तुमच्या गावातही करायचं असेल तर चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: गाव आणि शेताचं नाव, किती हातांवर लागला, कोणत्या साली, आणि तो कुणाच्या हातानं निघाला. चौथी ओळ रिकामी सोडू नका. "मजूर" असंही लिहू नका. नाव विचारा आणि नाव लिहा. मावशींच्या ओटीतले खडे पायात गेले, पण घरामागं पडलेला एक त्यांना परवा सापडला. तो फळीवर पहिला ठेवलाय.