सलाबाईचा हुकूम

1922 च्या नोव्हेंबर महिन्यात सुरत जिल्ह्याच्या पूर्वेकडील रानपट्टीत एक नवल घडत होते. चौधरी, गामीत, धोडिया अशा आदिवासींचे मेळे मांडवाखाली जमत आणि अंगात आलेल्या माणसांच्या मुखाने सलाबाई नावाची देवी बोले. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, पुरुषांनी दिवसातून दोनदा व बायकांनी तीनदा स्नान करा, पारशी पीठेवाल्याशी संबंध ठेवू नका, असा तिचा हुकूम होता.

ही देवी आली होती पालघरकडच्या किनाऱ्यावरून. तेथील कोळ्यांनी देवीची साथ शमविण्यासाठी तिला आळविले होते. आपल्या भाषेत रोगाचे आणि तो हरणाऱ्या शक्तीचे नाव एकच आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. तेथून ती डोंगर ओलांडून उत्तरेस सरकली.

श्रोतेहो, या समाजात मद्य चोरून घेण्याची वस्तू नव्हती. लग्न असो की मर्तिक, आधी देवाला धार, मग वडीलधाऱ्यांना, मग पोराबाळांना. तरुणाचा पहिला घोट गावाच्या साक्षीने व संमतीने होई. अशा गावात एकट्याने नकार देणे म्हणजे देवाला आणि सोयऱ्याला, दोघांनाही नाकारणे. व्याख्यान देणाऱ्या सुधारकांना ही अडचण फारशी उमगली नसावी, असे मला वाटते.

त्यातच 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरोघरी मोहाची दारू गाळणे गुन्हा ठरविले आणि ताडीच्या झाडांवर कर बसविला. घरच्या मडक्याची जागा पीठ्याने घेतली. तेथे उधारी मिळे. आणि पीठेवाला बहुधा सावकारही असे. उधारीपायी कित्येकांच्या जमिनी गेल्या.

म्हणून जो नकार एकट्याला शक्य नव्हता, तो देवीच्या नावाने साऱ्या गावाने एकदम दिला. तरुणाला आता न पिण्यातही देवाची आणि पंचांची पाठराखण मिळाली. पुढे काही ठिकाणी देवीच्या जोडीला गांधींचे नाव आले. पीठी ओस पडली. अबकारी खात्याला चिंता वाटू लागली.

पण सारेच टिकले नाहीत. काही महिन्यांतच दोन तट पडले: व्रत पाळणारे ते ‘वर्जेला’, जुन्या रीतीकडे परतलेले ते ‘सरजेला’. एकाच जातीत दोन चुली झाल्या आणि लग्नाच्या पंगतीत कोणाकडे बसावे, हा प्रश्न पुन्हा तरुणांपुढे येऊन ठाकला.