आंजीचे आंकडे आणि अनोळखी परीक्षक

वर्धा जिल्ह्यांतील आंजी या गांवचें नांव इ. स. 2007 मध्यें ‘वर्ल्ड हेल्थ अँड पॉप्युलेशन’ या इंग्रजी नियतकालिकांत छापून आलें. डोंगरे, देशमुख व गर्ग यांचा तो निबंध किशोरवयीन मुलींच्या मासिक पाळींतील स्वच्छतेविषयीं होता. आपल्या घरांत आजही हा विषय हलक्या आवाजांत निघतो. आंजीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रांत ‘किशोरी पंचायतीं’च्या मासिक बैठकींतून तीन वर्षें शिक्षण दिलें गेलें. पाळी येण्यापूर्वींच तिची माहिती असलेल्या मुली आरंभीं शेंकडा 35 होत्या, त्या 55 झाल्या. कापड पुन्हां वापरण्याचें प्रमाण 85 वरून 57 वर उतरलें.

ज्यानें आंजी पाहिली नाहीं, त्यानें हे आंकडे कां मानावेत? या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनीं 1665 सालीं ‘फिलॉसॉफिकल ट्रँझॅक्शन्स’ काढलें, तेव्हां काय छापावें हें बहुधा तेच ठरवीत. 1752 मध्यें सोसायटीनें तें आपल्या हातीं घेतलें व एक समिती मतदानानें लेख निवडूं लागली. 1832 च्या सुमारास लेखी अभिप्राय मागविण्याची चाल पडली. आमच्या मतें खरी पायरी तीच. मतदान लेखास तारतें किंवा मारतें. लेखी आक्षेपास मात्र उत्तर देतां येतें. तरी ‘नेचर’सारख्या मातबर साप्ताहिकानें असें परीक्षण सक्तीचें केलें तें 1973 मध्यें!

आतां संपादक प्रथम स्वतः लेख चाळतो, मग दोघां-तिघां तज्ज्ञांकडे धाडतो. हे तज्ज्ञ बहुधा निनांवी व बिनमोबदला काम करतात. निर्णय संपादकाचाच.

असा परीक्षक आंजीस उतरत नाहीं. त्यानें विचारावयाचें तें कागदावरूनच. मुली कशा निवडल्या? तीन वर्षांनीं विचारलेल्या मुली पूर्वींच्याच कीं दुसऱ्या? तेवढ्या काळांत दुकानें व दूरचित्रवाणी यांनींही कांहीं शिकविलेंच असेल. मग पंचायतीचा वांटा किती? हे प्रश्न टोंचणारे खरे, परंतु त्यांवांचून शेंकडेवारी नुसती फुशारकी ठरते. आंकडे कोणी घरीं बसून रचले, तर मात्र परीक्षकास तें क्वचितच उमगतें. तेथें लेखकाच्या सचोटीवरच भिस्त.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. आपल्यांत काय बदल झाला, हें मुलींच्या स्वतःच्या नजरेनेंही या निबंधांत नोंदलें आहे. परीक्षकांत आंजीची एखादी आई कोण बसविणार? पण तिच्या मुलीची साक्ष तेवढी त्यांच्यापुढें गेली.