पहूर परिसराचा स्थानिक व कौटुंबिक इतिहास : अंकीकृत जुन्या नकाशांचे साधनमूल्य

स्थानिक इतिहासाची साधने म्हणून गॅझेटिअर, शिलालेख, मोडी दफ्तरे यांचा विचार होतो. नकाशा मात्र बहुधा ग्रंथाच्या शेवटी जोडलेले चित्र एवढाच उरतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटनचे काउंटीनिहाय जुने नकाशे अंकीकृत करून ते आजच्या नकाशावर ठेवून पाहण्याची सोय केली आहे. अशा साधनाचा आपल्याकडे कितपत उपयोग होईल, याचा विचार प्रस्तुत लेखात जामनेर तालुक्यातील पहूर परिसराच्या आधारे केला आहे.

पहिली अडचण नावाची आहे. १९०६ पूर्वीच्या नकाशात पहूर ‘खानदेश’ जिल्ह्यात, त्यानंतर ‘पूर्व खानदेश’मध्ये सापडते. ‘जळगाव’ या नावाने शोधणाऱ्यास जुने नकाशे दिसतच नाहीत. नकाशावर वर्ष नसल्यास पाचोरा-जामनेर हा अरुंदमापी लोहमार्ग (त्यावरील गाडी २०२० मध्ये बंद झाली) पाहावा. तो विसाव्या शतकातील असल्याने ज्या नकाशात तो आहे, तो १८८० च्या खानदेश गॅझेटिअरच्या काळातील असू शकत नाही.

खरे महत्त्व सीमारेषेचे आहे. अजिंठा लेण्यांच्या घळीतून येणारी वाघूर पुढे खानदेशात उतरते. परंतु फर्दापूर, सोयगाव ही गावे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. नदी एक, दफ्तरे दोन. सोयरीक आणि स्थलांतर मात्र या रेषेला जुमानत नव्हते. आज इतर मागासवर्गीयांच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागितले जातात. पणजोबा फर्दापूरहून पहुरास आले असतील, तर त्यांच्या जुन्या नोंदी जामनेरच्या मोडी कागदांत कितीही शोधल्या तरी मिळणार नाहीत. त्या हैदराबाद संस्थानच्या, बहुधा उर्दू, दफ्तरांत शोधाव्या लागतील. नकाशा जात सांगत नाही, वंशावळही सांगत नाही. कोणत्या दफ्तरात जावे हे सांगतो, आणि अर्जदाराच्या दृष्टीने ते लहान काम नव्हे.

एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या नकाशात शेत दिसत नाही. त्यासाठी गावनकाशाच हवा. मात्र १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट क्रमांक झाले. जुन्या नकाशावरील क्रमांक थेट आजच्या सातबाऱ्यावर शोधल्यास भलत्याच कुटुंबाची जमीन आपली ठरण्याचा धोका असतो. म्हणून जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ आणि फेरफार नोंदी पाहिल्याखेरीज कोणताही दावा करू नये.

शिवाय ही मोजणी महसुलासाठी होती. १८५२ साली खानदेशात तिला रयतेने उघड विरोध केला, तो याच कारणाने. ज्याच्याकडे सारा भरण्याजोगी जमीन नव्हती, त्या शेतमजुराचे, बलुतेदाराचे घर या नकाशांत वेगळे दिसत नाही. त्यांच्यासाठी कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी व शाळेचे दाखले हेच आधार होत. विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना गावनकाशाची छापील प्रत घेऊन वृद्धांकडे पाठवावे. शेतांची बोलीतील नावे त्यांच्याकडून ऐकून त्या-त्या क्रमांकापुढे लिहून घ्यावीत, कारण नकाशावर केवळ आकडे आहेत.