बंदुकीऐवजीं कॅमेरा

हिंदुस्थानांतील अरण्यांत शिरणाऱ्या हौशी माणसाच्या खांद्यावर शंभर वर्षांपूर्वीं बंदूक असावयाची, हें ठरलेलेंच होतें. वाघ पाहणें आणि वाघ मारणें या दोन निराळ्या गोष्टी असूं शकतात, ही कल्पनाच फारशी रूढ नव्हती. संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत वाघांचीं कातडीं अंथरलेलीं असत. किती वाघ पाडले यावर शिकाऱ्याची प्रतिष्ठा मोजली जाई. एका संस्थानिकानें तर आपल्या हातून हजारावर वाघ पडल्याचें नमूद करून ठेवलें आहे. वाघ मारणाऱ्यास सरकारांतून बक्षीसही मिळे. अशा काळांत वाघाच्या केसालाही धक्का न लावतां केवळ त्याचें चित्र मिळावें एवढ्यासाठीं रात्रीमागून रात्री खर्ची घालणारा मनुष्य लोकांस विक्षिप्त वाटला असेल, तर त्यांत नवल नाहीं. परंतु आज भारतांतील वाघ ज्या रीतीनें मोजले जातात, त्या रीतीचीं मुळें शोधूं गेल्यास तीं अशाच एका विक्षिप्त छंदांत सांपडतात. त्या छंदाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

छायाचित्रणाची कला एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जन्मास आली, तरी अरण्यांत तिचा प्रवेश फार उशिरां झाला. त्या वेळच्या कांचा इतक्या मंद होत्या कीं, चित्र काढवून घेणाऱ्या माणसालाही निश्चळ बसून राहावें लागे. मग रानांतल्या हरणानें ही शिस्त कशी पाळावी! शिवाय ओल्या द्रावणाची कांच तेथल्या तेथें तयार करून तेथल्या तेथें धुवावी लागे. १८७१ सालीं मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची युक्ति प्रसिद्ध केली. पुढें ती सुधारत गेली, आणि अंधारखोली पाठीवर घेऊन हिंडण्याचा छायाचित्रकाराचा जाच संपला.

या सोयीचा लाभ प्रथम ज्यांनीं घेतला, त्यांत यॉर्कशर परगण्यांतील एका खेड्यांत वाढलेल्या रिचर्ड व चेरी कीअर्टन या दोघां भावांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. १८९२ सालीं त्यांनीं लंडनजवळ एका गाणाऱ्या पक्ष्याच्या घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें. आणि १८९५ सालीं पक्ष्यांच्या घरट्यांवरील त्यांचें जें पुस्तक निघालें, त्यांतील सर्व चित्रें प्रत्यक्ष निसर्गांत जाऊन घेतलेलीं छायाचित्रें होतीं. पक्षी बुजूं नयेत म्हणून हे भाऊ काय करीत नसत! १९०० सालीं त्यांनीं एका बैलाचें कातडें आंतून पोकळ ठेवून सांगाड्यावर चढविलें, आणि त्याच्या पोटांत कॅमेऱ्यासह बसून चित्रें घेतलीं. या प्रकाराचें हसूं येतें खरें. परंतु प्राण्याला आपली चाहूल लागूं न देतां त्याच्या सान्निध्यांत राहणें हा या छंदाचा पहिला नियम त्या कातड्याच्या बैलानेंच घालून दिला.

पक्षी दिवसां दिसतो व घरट्याकडे हटकून परत येतो. रात्रीं संचार करणाऱ्या मोठ्या जनावरांचा प्रश्न याहून कठीण होता. तो सोडविला अमेरिकेंतील जॉर्ज शायरस या वकिलानें. सुपीरियर सरोवराच्या परिसरांत ओजिब्वा जमातीचे लोक रात्रीं होडीच्या नाळेवर अग्नि पेटवून हरणांची शिकार करीत. काठावरचें हरीण त्या उजेडाकडे टक लावून उभें राही, आणि काळोखांत चमकणाऱ्या त्या दोन डोळ्यांच्या रोखानें नेम धरला जाई. शायरस स्वतः त्या रीतीनें शिकार केलेला होता. १८८९ च्या सुमारास त्यानें होडी तीच ठेवली, दिवा तोच ठेवला, फक्त बंदुकीच्या जागीं कॅमेरा आणि भपकन् पेटणारी मॅग्नेशियमची पूड आणली. पुढें त्यानें वाटेवर दोरी ताणून ठेवण्याची युक्ति योजिली. जनावराचा धक्का दोरीला लागतांच उजेड व्हावा आणि कॅमेऱ्याची झडप उघडावी, अशी ती रचना होती. छायाचित्रकार तेथें नसला तरी चालूं लागलें. जनावरच आपलें चित्र आपण घेऊं लागलें.

१९०६ च्या जुलै महिन्यांत 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकानें शायरसचीं ७४ छायाचित्रें एकाच अंकांत छापलीं. भूगोलाच्या गंभीर मासिकाचें चित्रांचें पुस्तक होऊं लागलें, म्हणून संस्थेच्या दोघां व्यवस्थापकांनीं राजीनामे दिले. वाचकांना मात्र तो अंक अतिशय आवडला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हाच शायरस अमेरिकेच्या विधिमंडळाचा सभासद असतां त्यानें १९०४ सालीं स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठीं विधेयक मांडलें. तें त्या वेळीं संमत झालें नाहीं. परंतु पुढें त्या विषयावर जे कायदे झाले त्यांची वाट त्यानेंच मोकळी केली. ज्यानें जनावराला जिवंत राहूं देऊन पाहिलें, तो त्याचा वकील झाला. हेंच पुढें हिंदुस्थानांतही घडावयाचें होतें.

फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन याचा जन्म १८९३ सालीं इंग्लंडांत झाला. त्याचे वडील कीटकशास्त्रज्ञ होते, आणि भाऊ हॅरी हा हिंदुस्थानांतील वनांच्या वर्गीकरणामुळें नांवाजलेला वनाधिकारी झाला. फ्रेडरिक १९१३ सालीं हिंदुस्थानांत आला तो पूर्व बंगालच्या पोलीस खात्यांत. पहिल्या महायुद्धांत लष्करी नोकरी करून झाल्यावर तो संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश व उत्तराखंड या राज्यांच्या, वनखात्यांत दाखल झाला. शिवालिकच्या पायथ्याचीं सालवृक्षांचीं अरण्यें, वाळूचे कोरडे ओढे, उंच गवताचीं मैदानें हें त्याचें कार्यक्षेत्र. बरोबरीच्या अधिकाऱ्यांना बदलीच्या ठिकाणीं शिकार किती मिळेल याची चिंता असे. चॅम्पियनचें मन मात्र जनावर मारण्यांत रमेना. त्यानें कॅमेरा हातीं धरला.

दिवसां तो शिकविलेल्या हत्तीवर बसून जंगलांत जाई, कारण हत्तीच्या पाठीवरील माणसाला रानटी जनावरें सहसा भीत नाहींत. परंतु वाघ हा रात्रीचा प्रवासी. त्याच्यासाठीं चॅम्पियननें तारेची युक्ति पत्करली. वाघ दाट झुडपांतून विनाकारण वाट काढीत नाहीं. मळलेली पाऊलवाट, गाडीरस्ता किंवा ओढ्याचें वाळवंट त्याला सोईचें वाटतें. म्हणून चॅम्पियनला प्रथम वाघाच्या पावलांचा अभ्यास करावा लागे. कोणत्या वाटेनें तो किती दिवसांच्या अंतरानें जातो, कोठें वळतो, कोठें थांबतो, हें जाणून मगच तार ताणण्याची जागा ठरे. संध्याकाळीं वाटेच्या कडेला कॅमेरा व उजेडाचें यंत्र पक्कें बांधावयाचें, बारीक तार आडवी ताणावयाची, आणि निघून जावयाचें. कांच एकच, पूडही एकाच भपक्यापुरती. वाघाच्या आधीं साळिंदरानें वा तरसानें तार ओढली, तर ती रात्र साळिंदराची वा तरसाची! दंवानें पूड ओली झाली, तर ती रात्र कोणाचीच नव्हे.

अशा रीतीनें वाघाचें मनासारखें चित्र मिळण्यास त्याला सुमारें आठ वर्षें लागलीं. १९२५ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकानें तीं चित्रें छापलीं, आणि आपल्या अरण्यांत मोकळेपणानें चालणारा रानटी वाघ जगाला प्रथमच दिसला. त्यापूर्वींच्या चित्रांतून वाघ दिसे तो पिंजऱ्यांतला, नाहीं तर शिकाऱ्याच्या बुटाखालीं मरून पडलेला. १९२७ सालीं चॅम्पियनचें वाघांच्या प्रदेशांतील छायाचित्रणावरील पुस्तक प्रसिद्ध झालें, आणि कांहीं वर्षांनीं जंगलांतील ऊनसावलीचें वर्णन करणारें दुसरें निघालें.

या चित्रांनीं केवळ डोळ्यांचें पारणें फिटलें असें नाहीं. कांचा शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां चॅम्पियनच्या ध्यानीं आलें कीं, कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. कपाळावरची नक्षी निराळी, कुशीवरचे पट्टे निराळे. इतकेंच काय, एकाच वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. माणसाच्या अंगठ्याचा ठसा जसा त्याचा एकट्याचा, तसेच वाघाचे पट्टे. अर्थात् एकाच वाटेनें निरनिराळ्या रात्रीं गेलेला वाघ एकच होता कीं दोन होते, हें चित्रावरून निश्चित सांगतां येऊं लागलें. शिकाऱ्याच्या लेखीं वाघ म्हणजे अमुक फूट अमुक इंच लांबीचें कातडें; छायाचित्रकाराच्या लेखीं तो ओळख पटणारा एक स्वतंत्र जीव ठरला.

शायरसप्रमाणेंच चॅम्पियनही वन्य जीवांची बाजू मांडूं लागला. बंदुकीचे परवाने मर्यादित असावेत, जनावरें मारण्याबद्दलचीं बक्षिसें कमी व्हावींत, आणि राखीव जंगलांत मोटारींना मुक्तद्वार असूं नये, असें त्याचें मागणें होतें. १८८३ सालीं मुंबईस स्थापन झालेल्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' या संस्थेच्या नियतकालिकांत १९३४ सालीं त्यानें संयुक्त प्रांतांतील वन्य प्राण्यांच्या रक्षणाविषयीं लेख लिहिला. त्याच्या उदाहरणानें जो एक मोठा शिकारी या छंदाकडे वळला, तो म्हणजे कुमाऊंचा जिम कॉर्बेट. कॉर्बेटनें चलच्चित्रांचा कॅमेरा घेतला. पण त्या यंत्राची घरघर वाघाच्या कानीं जाई. तेव्हां त्यानें एका लहानशा ओढ्याला बांध घालून वीत वीत उंचीचे धबधबे तयार केले, आणि पाण्याच्या खळखळाटांत यंत्राचा आवाज बुडवून टाकला. नरभक्षकांवरील त्याचें प्रख्यात पुस्तक १९४४ सालीं मुंबईंतच प्रथम छापलें गेलें. त्याच्या अखेरच्या प्रकरणांत त्यानें म्हटलें आहे कीं, शिकारीच्या कातड्याचें कौतुक एकट्या शिकाऱ्याला, पण छायाचित्राचा आनंद सर्व निसर्गप्रेमी जनांना. १९३६ सालीं रामगंगेच्या खोऱ्यांत देशांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें. १९५७ पासून त्यास कॉर्बेटचें नांव आहे. चॅम्पियन स्वातंत्र्यानंतर पूर्व आफ्रिकेंत वनखात्याच्या कामावर गेला, आणि १९७० सालीं स्कॉटलंडांत वारला. त्याचीं पुस्तकें बहुतेकांच्या विस्मृतींत गेलीं.

१९७२ च्या मोजणींत भारतांत अवघे १,८२७ वाघ भरले. त्याच सालीं वन्य जीवांच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९७३ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अरण्यांत आपलें मेळघाटही होतें. त्या काळीं वाघ मोजीत ते पावलांच्या ठशांवरून. ठशावर कांच धरून तिच्यावर पंजाची आकृति गिरवावयाची, आणि आकृतींची तुलना करून संख्या ठरवावयाची. परंतु कोरड्या वाळूंतील ठसा व ओल्या चिखलांतील ठसा एकाच पंजाचा असूनही सारखा उमटत नाहीं. दोन वाघांचा एक होई, एकाचे दोन होत, आणि प्रतिवर्षीं संख्या वाढलेली दाखविण्याचा मोह निराळाच. २००१-०२ सालीं कागदावर ३,६४२ वाघ होते. २००४ च्या अखेरीस राजस्थानांतील सारिस्का अरण्यांत शोध घेतां घेतां असें उघडकीस आलें कीं, कागदावरचे वाघ जंगलांत नाहींतच. चोरट्या शिकाऱ्यांनीं एकही शिल्लक ठेवलेला नव्हता. सबंध देशाला त्या बातमीचा धक्का बसला.

मग जुन्या तारेची आठवण झाली. कर्नाटकांतील नागरहोळेच्या अरण्यांत उल्हास कारंथ यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत वाटांवर स्वयंचलित कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून वाघ ओळखून आणि त्यावर संख्याशास्त्राचे नियम लावून मोजणीची पद्धति सिद्ध केली होती. तार जाऊन तिच्या जागीं अदृश्य किरण आला, कांच व पूड जाऊन विजेचीं यंत्रें आलीं. तत्त्व मात्र तेंच राहिलें. २००६ च्या गणनेंत ही रीत देशभर वापरली गेली, आणि अंदाज निघाला तो १,४११ वाघांचा. आंकडा दुःखद होता, पण खरेपणाच्या जवळचा होता. आणि रोग्याच्या खऱ्या प्रकृतीची ओळख पटल्यावांचून औषधयोजना होत नाहीं. २०१८ च्या गणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लागले. त्यांनीं घेतलेल्या ३,४८,५८,६२३ चित्रांपैकीं ७६,६५१ वाघांचीं होतीं, आणि पट्टे जुळवून पाहतां त्यांतून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखले गेले. २०२२ च्या गणनेचा सरासरी अंदाज ३,६८२ वाघांचा आहे. ताडोबाच्या बांबूच्या बेटांतून रात्रीं जाणारा वाघ ज्या पेटीसमोरून आपली कूस दाखवीत जातो, तिचा पूर्वज शिवालिकच्या पायथ्याशीं एका वनाधिकाऱ्यानें स्वतःच्या हौसेनें झाडाला बांधलेला होता.

आतां हा छंद हजारों लोकांचा झाला आहे, ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु छंदाबरोबर त्याची शिस्तही पसरावयास हवी होती, ती पसरलेली नाहीं. जंगलाच्या रस्त्यावर वाघ दिसतांच गाड्यांवर गाड्या धांवत येतात, त्याच्या पुढचा-मागचा मार्ग अडतो, आणि जो तो आपल्यालाच जवळून चित्र मिळावें म्हणून धडपडतो. मोटारींना राखीव जंगलांत मोकळीक नसावी असें ज्यानें नव्वद वर्षांपूर्वीं लिहिलें, तो स्वतः छायाचित्रकारच होता, हें येथें विसरूं नये. त्याला चित्र कमी प्रिय होतें असें नाहीं. संध्याकाळीं तार ताणून तो घरीं जाई. रात्रीं केव्हांतरी एकदांच उजेड चमके, आणि वाघ क्षणभर थबकून आपल्या वाटेनें निघून जाई. सकाळीं चित्र मिळालेलें असे, आणि वाघही अरण्यांतच असे.