मिशरी आणि कायदा

निपाणीच्या तंबाखूने विडीकारखाने पोसले, तशी सीमेच्या दोन्ही अंगांना मिशरीची डबीही भरली. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची, बोटाने हिरड्यांना चोळायची. निमित्त दातांचे, ओढ निकोटिनची. पुढे तीच 'आयुर्वेदिक' दंतमंजनांत शिरली. ३० एप्रिल १९९२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने तंबाखूयुक्त मंजन व पेस्ट यांना मनाई केली; तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली फेटाळले. वकील म्हणून आम्हांस हा निकाल योग्यच वाटतो. पण चुलीवरचा तवा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. पेस्टमधील फ्लोराइड दशलक्ष भागांत हजारांहून अधिक नसावे आणि ते वेष्टनावर छापावे, असा नियम आहे. आम्ही तो आकडा वाचून नळी घेतो. आजीच्या डबीवर मात्र काहीच छापलेले नसे.