स्प्रिंगचा दर : एका हिशेबाचा इतिहास

मोटारीचा इतिहास सांगतांना बहुधा इंजिनाचाच महिमा गाइला जातो. किती घोड्यांची शक्ति आणि ताशीं किती मैल, एवढेंच लोकांच्या तोंडीं असतें. परंतु चाक रस्त्याला धरून राहिलें नाहीं, तर ती सारी शक्ति केवळ व्यर्थ नव्हे, घातक ठरते. चाक रस्त्यावर टेकवून ठेवण्याचें काम मुकाट्यानें करणारी वस्तु म्हणजे स्प्रिंग. आपल्या टांगेवाल्यांच्या भाषेंत कमान. ती किती कडक असावी या प्रश्नाचें उत्तर माणसाला कसें सांपडलें, आणि घरीं स्वतः गाडी बांधणाऱ्या हौशी मनुष्याच्या हातीं तें कसें आलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मूळ नियम फार जुना आहे. इंग्लंडांतील शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें तो १६७६ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. पण कसा, तर अक्षरांची उलथापालथ करून, कूटाच्या रूपानें! शोधाचा मान आपला राहावा, पण गुपित मात्र फुटूं नये, अशी ती युक्ति होती. १६७८ सालीं त्यानें कूट उलगडलें. त्याचा आशय इतकाच कीं, स्प्रिंगवर जितकें ओझें घालावें, तितक्या प्रमाणांत ती दबते. शंभर पौंडांनीं एक इंच, तर दोनशें पौंडांनीं दोन इंच. एक इंच दाबण्यास जितके पौंड लागतात, तोच त्या स्प्रिंगचा दर.

नियम हातीं असूनहि पुढें अडीचशें वर्षें गाड्या बहुतांशीं अंदाजानेंच बांधल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या ओबडाया इलियटनें घोडागाडीला लंबवर्तुळाकार कमानी बसविल्या, आणि मोटारी निघाल्या तेव्हां त्याच घराण्यांतील पोलादी पट्ट्यांच्या कमानी त्यांच्या वांट्यास आल्या. शर्यतीच्या गाड्यांविषयीं तर असा समज दृढ झाला होता कीं, गाडी जितकी वेगवान, तितकी तिची स्प्रिंग कडक हवी. परिणाम काय झाला? स्प्रिंग हालेना, म्हणून गाडीचा सांगाडाच पिळवटूं लागला, आणि खडबडीत रस्त्यावर चाकें उड्या मारूं लागलीं. जें चाक हवेंत आहे, तें गाडी वळवूंहि शकत नाहीं आणि थांबवूंहि शकत नाहीं.

या प्रश्नाला खरी कलाटणी दिली ती मॉरिस ऑले या इंग्रज इंजिनिअरानें. रोल्स-रॉइसची नोकरी सोडून तो १९३० सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक कारखान्यांत रुजू झाला. १९३२ सालीं त्यानें एका मोठ्या गाडीला सरकविण्याजोगीं वजनें जोडलीं, आणि पुढच्या व मागच्या स्प्रिंगांचा कडकपणा पुनःपुन्हां बदलून ती रस्त्यावर चालवून पाहिली. आंत बसलेल्यांना काय वाटतें, हेंच तेथें मुख्य माप होतें. निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या नेमका उलट निघाला : पुढची स्प्रिंग मागचीपेक्षां मऊ हवी. कारण असें कीं, खळग्याचा धक्का पुढच्या चाकांना आधीं बसतो आणि मागच्यांना क्षणभरानें. मागचें टोक थोडें जलद झुललें, तर तें पुढच्याला गांठतें. दोन्ही टोकें एकदमच वरखालीं होतात, आणि गाडीचें नावेसारखें डोलणें थांबतें. मात्र जुन्या अखंड आंसावर इतकी मऊ स्प्रिंग ठेवली कीं पुढचीं चाकें थरथरूं लागत. म्हणून जनरल मोटर्सच्या १९३४ च्या गाड्यांत तीं एकमेकांपासून स्वतंत्र टांगण्यांत आलीं.

हें ज्ञान श्रीमंतांच्या गाड्यांपुरतें राहिलें नाहीं. इंग्लंडांत १९२२ सालीं निघालेल्या ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या गाडीचे जुने सांगाडे पुढें अल्प किंमतींत मिळूं लागले, आणि तरुण मंडळी त्यांवर घरीं स्पोर्ट्स गाड्या बांधूं लागलीं. अशांपैकींच कॉलिन चॅपमन हा लंडनचा विद्यार्थी. त्याची पहिली गाडी १९४८ ची. १९५२ सालच्या त्याच्या लोटस मार्क सहा या गाडीचे सुटे भागच विकले जात. गिऱ्हाइकानें ते स्वतः जोडले कीं विक्रीकर वांचे. पुढच्या बाजूस फोर्ड गाडीचा आंस मधोमध कापून वापरलेला, पण त्यावर गुंडाळीची मऊ स्प्रिंग, आणि तिचें झुलणें आवरण्यास चांगला डॅम्पर. गाडी हलकी, सांगाडा ताठ, स्प्रिंग मऊ, हें त्यानें हौशी लोकांना प्रत्यक्ष दाखवून दिलें.

आतां हिशेब पाहूं. एका चाकावर, चाकाचें व आंसाचें स्वतःचें वजन वगळून, २४० पौंड भार आहे असें समजा. स्प्रिंग त्या भारानें जितके इंच दबेल, त्या संख्येच्या वर्गमुळानें १८८ ला भागावें. म्हणजे गाडी मिनिटास किती वेळां झुलेल तें निघतें. एक इंच दबली तर १८८ वेळां. त्यानें हाडें खिळखिळीं होतील. चार इंच दबली तर ९४ वेळां. आपणांस ९० हवे असतील, तर स्प्रिंग सुमारें ४.३६ इंच दबावी, आणि चाकापाशीं दर इंचास ५५ पौंड यावा.

येथेंच नवशिका फसतो. स्प्रिंग चाकाशीं नसून दांडीच्या मध्यावर असेल, तर तो ५५ ची दुप्पट, ११० पौंडांची स्प्रिंग विकत घेतो. पण मध्यावर भार दुप्पट पडतो, आणि स्प्रिंग दबते मात्र निम्मी. म्हणून दर चौपट, २२० पौंड, हवा. ११० ची बसविली तर गाडी पाऊण फुटाजवळ खालीं बसूं पाहील, आणि पहिल्याच खळग्यांत सांगाडा आंसावर आदळेल. वर्गाच्या एका आंकड्याचा विसर पडला, तर चालविणाराचा जीव धोक्यांत येतो.

हूकचा नियम आमच्या शाळांतून मुलें परीक्षेपुरता पाठ करतात. तोच नियम गाडीला रस्त्यावर धरून ठेवतो, हें त्यांना दिसावें अशी माझी इच्छा आहे. कडकपणा म्हणजे बळकटी नव्हे. वाहावयाच्या भाराशीं जिचें प्रमाण जुळलें, ती स्प्रिंग चांगली. आणि तें प्रमाण कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणालाहि काढतां येतें.