ठासणीचा एक बार

मालवणच्या किनाऱ्याचे नाव निघाले की वाचकाच्या मनात प्रथम समुद्र उभा राहतो, आणि त्या समुद्रात १६६४ साली ज्याचा पाया घातला गेला तो सिंधुदुर्ग. परंतु त्या किल्ल्याकडे पाठ करून, माडांच्या बागा आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे ओलांडून जो पूर्वेकडे चालत जाईल, त्याला सह्याद्रीच्या पायथ्याशी या मुलखातले एक जुने वैर दृष्टीस पडेल. आश्विनात भात निसवून दाण्यात दूध भरू लागले की रानडुकरांचा कळप रात्री मळ्यात उतरतो, आणि खातो त्याच्या कितीतरी पट तुडवून व मुस्काटाने उकरून टाकतो. म्हणून घरातला एक माणूस माळ्यावर पत्र्याचा डबा बडवीत जागा असतो, आणि ज्याच्यापाशी परवाना आहे त्याच्या उशाशी ठासणीची बंदूक असते.

मनुष्य आणि वराह यांच्या झुंजीला इतिहासात मानाचे स्थान आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेचा विस्ताराने विचार आहे. त्याहून हृदयस्पर्शी साक्ष कर्नाटकातील आतकूरच्या शिळेची. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा याच्या काळी, दहाव्या शतकाच्या मध्यास, गंगराज बूतुग याच्याकडून मनलर नावाच्या वीराने मागून घेतलेला काळी नावाचा श्वान एका प्रचंड रानडुकराशी झुंजला. दोघेही त्याच जागी मेले, आणि त्या श्वानाच्या स्मरणार्थ लेख कोरून जमीन दान दिली गेली. डुक्कर मारायचे तर मारणाऱ्यालाही काही किंमत द्यावी लागते, ही जाणीव त्या शिळेवर कोरलेली आहे.

इंग्रजी अमदानीत घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारणे हा लष्करी अधिकाऱ्यांचा आवडता खेळ झाला, आणि पुढे बालवीर चळवळ उभारणाऱ्या बेडन-पॉवेलने १८८९ साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. बंगालकडे आखूड, वजनदार भाला वरून खुपसण्याची रीत होती, तर मुंबई इलाख्यात लांब भाला हात खाली ठेवून धरीत. पण ही सारी विद्या मोकळ्या मैदानांची. करवंदीच्या जाळ्या आणि तुटलेले कडे जिथे पावलोपावली, तिथे घोड्याची दौड काय कामाची? सावंतवाडी संस्थानात काय किंवा मालवण तालुक्यात काय, डुकराची पारध पायीच व्हायची. हाकारे रान उठवीत, कुत्री माग काढीत आणि बंदूकवाले वारा तोंडावर घेऊन जनावराच्या नेहमीच्या वाटेवर दबा धरून बसत.

बंदूक मात्र सरकारच्या नजरेखाली राहिली. १८४४ साली गडकऱ्यांच्या बंडात मनोहरगडाच्या परिसरात जो वणवा पेटला, आणि पुढे सत्तावन साली देशात जे घडले, त्यानंतर रयतेच्या हाती हत्यार राहू देणे राज्यकर्त्यांना परवडणारे नव्हते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याची पकड पक्की केली. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी लागणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची आणि मतमोजणीनंतर परत आणायची, हा क्रम कोकणच्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेला आहे.

या बंदुकीचा मोठा दोष हाच शिकाऱ्याचा गुरू होता. दारू मापून नळीत ओतायची, वर बोळा घालून तो गजाने ठासायचा, मग शिशाची गोळी, पुन्हा बोळा, शेवटी घोड्याखाली केप. आणि एवढे करून बार एकच. दुसरा भरेपर्यंत जखमी डुक्कर दरीपार गेलेले असते, किंवा अंगावर आलेले असते. प्रौढ नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट थर असतो, जो प्रतिस्पर्ध्याच्या सुळ्यांपासून त्याचे रक्षण करतो. हृदय छातीत फार खाली, पुढल्या पायाच्या आडोशाला असते. पाठीवरच्या राठ आयाळीने त्याची उंची आहे त्याहून अधिक भासते, आणि नवशिका नेमका तिथेच फसून गोळी कण्यावरून घालवतो. म्हणून जाणता शिकारी जनावर पूर्ण आडवे होऊन एक पाऊल पुढे टाकीपर्यंत थांबे, पुढल्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तृतीयांशावर नेम धरी, आणि तशी संधी न मिळाल्यास भरलेली बंदूक तशीच घरी आणी. मागे पिले असलेली मादीही तो जाऊ देई.

नेम चुकलाच तर पुढचे काम त्याच्याच गळ्यात पडे. फेसाळ, गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, काळपट म्हणजे यकृत. हिरवट आणि दुर्गंधीयुक्त दिसले की गोळी आतड्यात गेली, आणि मग घटका दोन घटका थांबून, जीव मुठीत धरून जाळीत शिरणे आले. माग अर्ध्यावर सोडणाऱ्याला पुढच्या पारधीत कोणी विचारीत नसे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने हे पर्व संपवले. पिकाची नासाडी करणारे डुक्कर मारायचे तर त्याच्या अकराव्या कलमाखाली वनखात्याची लेखी परवानगी हवी. उपद्रव मात्र संपला नाही, आणि त्यातून तारेचा फास आणि स्फोटकांचा गोळा हे चोरटे उपाय रानात आले. त्या फासात डुकराऐवजी पुष्कळदा बिबट्या सापडतो. जे सापडेल ते, मादी असो की पिलू, रात्रभर धडपडत राहते, आणि त्या वेळी फास लावणारा आपल्या घरी झोपलेला असतो.